ऋतू वर्गात आणायचा म्हणजे काय? मोठ्या गटासाठी हातांनी करायच्या कृती

हिरवी_पाटी

मी मोठ्या गटाला शिकवते. साडेचार ते सहा वर्षांची सव्वीस मुलं, मी आणि एक मदतनीस ताई. या कामाला नऊ वर्षं झाली. त्यातली पहिली चार वर्षं माझ्यासाठी ‘थीम’ म्हणजे वर्गाची भिंत होती. पावसाची थीम आली की निळ्या कागदाच्या सव्वीस छत्र्या. रात्री जागून मी त्या कापायच्या, दुसऱ्या दिवशी मुलांनी त्यांवर कापसाचे ढग चिकटवायचे आणि मग त्या वर्गाबाहेर एका ओळीत टांगायच्या. सगळ्या छत्र्या सारख्या दिसायच्या, कारण त्या सगळ्या माझ्याच होत्या.

एकदा हे काम चालू असताना बाहेर खराखुरा पाऊस आला. कागद भिजतील म्हणून मी खिडकी लावून घेतली. एक मुलगा मात्र काचेपाशीच उभा राहिला. काचेवरून दोन थेंब ओघळत होते. एकाने दुसऱ्याला गाठलं, दोघं मिसळले आणि तो मोठा थेंब सरसर खाली गेला. मुलगा म्हणाला, ‘‘बाई, मोठा झाला की जोरात पळतो.’’ मी म्हणाले, ‘‘चल, आधी तुझा ढग पूर्ण कर.’’

ते वाक्य मला आजही टोचतं. मी पाऊस शिकवत होते आणि पाऊस बघणाऱ्या मुलाला तिथून ओढून आणत होते.

त्यानंतर हळूहळू बदलत गेले. आता विषय निवडताना दोनच गोष्टी बघते: तो मुलांच्या हातात मावला पाहिजे आणि तो स्वतःहून बदलत राहिला पाहिजे. पाणी, माती, बी, पान, सावली, बर्फ, वारा, किडा. अवकाश, डायनासोर, समुद्राचा तळ हे विषय मुलांना आवडतात, नाही असं नाही, पण वर्गात त्यांची चित्रंच बघावी लागतात. आणि महिन्याला एक थीम हा हिशेब मी सोडून दिला. एक विषय पाच-सहा आठवडे चालतो, कधी त्याहून जास्त.

या वर्षी सगळ्यात जास्त रमलो ते डबक्यात. पाऊस थांबल्यावर अंगणात साचलेल्या पाण्याभोवती खडूने रेघ मारली. तासाभराने बाहेर गेलो, पाणी रेघेपासून आत सरकलेलं. पुन्हा रेघ. दुपारपर्यंत एकात एक अशा पाच रेघा झाल्या आणि मधे हातभर ओल उरली. पाणी कुठे गेलं? ‘‘जमिनीने प्यायलं’’, ‘‘आपल्या चपलांना लागून गेलं’’, ‘‘उन्हाने घेतलं’’. सगळे अंदाज मोठ्या कागदावर जसेच्या तसे लिहिले, बरोबर-चूक काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी एका मुलीने येऊन सांगितलं, ‘‘बाई, स्टीलच्या ताटात पाणी ठेवू. ताट पाणी पीत नाही.’’ पाच वर्षांची मुलगी! जमिनीने पाणी प्यायलं हा अंदाज तपासायला याहून चांगली युक्ती मलाही सुचली नसती. ताटातलं पाणीही आटलं. मग तेवढंच एक कप पाणी पसरट ताटात आणि तेवढंच अरुंद तोंडाच्या बाटलीत ठेवलं. ताट कोरडं पडलं तरी बाटली भरलेलीच. यावर आम्ही चार दिवस बोलत होतो.

दुसरी कृती पाऊस मोजायची. सरळ बाजूंची बरणी उघड्यावर ठेवायची. बाजू सरळ हव्यात, तळाशी निमुळती असेल तर उंची फसवते. रोज सकाळी बरणीशेजारी रंगीत कागदाची पट्टी धरायची, पाण्याच्या उंचीवर कापायची, तारखेसमोर चिकटवायची आणि पाणी ओतून द्यायचं. आकडे नाहीत, मिलिमीटर नाहीत. चार आठवड्यांनी भिंतीवर आलेख तयार होतो आणि तो प्रत्येक मुलाच्या हातचा असतो. न पडलेल्या पावसाची पट्टी कशी चिकटवायची यावर मुलांची खूप चर्चा झाली. शेवटी तिथे नुसता गोंदाचा ठिपका द्यायचं ठरलं. शून्य ही कल्पना मी इतकी छान कधीच शिकवली नव्हती.

सावलीचंही चालू आहे. दर महिन्याला एकाच दिवशी, एकाच वेळी, एकाच फरशीवर एक मूल उभं करतो आणि सावलीच्या टोकाला रंगाने खूण करतो.

आता माझी अडचण. पावसाच्या दिवसांत विषय शोधावा लागत नाही, तो अंगावरच येतो. थंडीच्या आणि कडक उन्हाच्या दिवसांत मात्र माझ्याकडच्या कृती पुन्हा कागद-कात्रीकडे घसरतात. तुम्ही काय करता? साधं, हाताने करायचं, मुलांना पुन्हापुन्हा करावंसं वाटेल असं काही सुचवा.


नवखी_ताई

ताई, वाचून खूप बरं वाटलं आणि थोडं दडपणही आलं. माझं हे पहिलंच वर्ष. छोट्या गटात बत्तीस मुलं आहेत. वर्षाच्या सुरुवातीलाच बारा महिन्यांच्या बारा थीम छापून मिळाल्या आहेत आणि दर महिन्याला प्रत्येक मुलाची एक हस्तकला फळ्यावर लागलीच पाहिजे असं आहे. डबक्याभोवती बत्तीस जणांना नेलं तर तीन जण डबक्यात असतील आणि दोन फाटकाबाहेर. कसं जमवायचं?


निवांत_आजी

नवखी_ताई, मी बत्तीस वर्षं बालवर्गात काढली, आता निवृत्त आहे. तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की बत्तीस जणांना नेऊच नकोस.

वर्गाचे कोपरे कर. एका कोपऱ्यात ठोकळे, एकात पुस्तकं, एकात मातीकाम, एकात चित्रं. हे चार कोपरे असे असावेत की मुलं आपापली खेळतील, बाईंची गरज पडणार नाही. पाचवा कोपरा त्या दिवसाचा, तिथे तू आणि सहा मुलं. एका मोठ्या थाळीत ओली माती आणि एक भिंग, एवढं पुरे. सहा जणांबरोबर पंधरा मिनिटं. आज सहा, उद्या सहा. आठवड्यात सगळी होतात. ज्यांची पाळी आधी झाली ती मधल्या सुट्टीत बाकीच्यांना सांगतात, त्यामुळे उरलेल्यांची उत्सुकता आपोआप वाढते.

कोपऱ्यांची सवय लागायला मात्र तीन-चार आठवडे लागतात. त्या काळात नवीन काहीही आणायचं नाही. ठोकळे कुठे ठेवायचे, पाणी सांडलं तर फडकं कुठे आहे, घंटी वाजली की काय करायचं, एवढंच शिकवायचं. घाई केलीस तर वर्षभर ओरडत बसावं लागेल.

आणि छापील बारा थीमचं म्हणशील तर त्यांच्याशी भांडू नकोस. ‘प्राणी’ आलंय ना? मग मुंग्या घे. ‘वाहतूक’ आलंय? मुंग्या काय वाहून नेतात ते बघ. शीर्षक त्यांचं, आतला विषय तुझा.


भिंग

मी विज्ञान शिकवतो, मोठ्या मुलांना. पण घरात पाच वर्षांचा भाचा असल्याने हा धागा अधाशासारखा वाचला. हिरवी_पाटीताई, थंडीसाठी माझ्याकडे एक कृती आहे.

सारख्या आकाराचे दोन बर्फाचे खडे घ्या. एक तसाच बशीत ठेवा, दुसरा लोकरीच्या मोज्यात किंवा जुन्या स्वेटरच्या बाहीत गुंडाळून दुसऱ्या बशीत ठेवा. मुलांना विचारा, आधी कोणता वितळेल? बहुतेक मुलं सांगतील, स्वेटरमधला, कारण स्वेटर गरम असतो. मोठी माणसंही अडखळतात. मग थांबायचं. उघडा खडा आधी संपतो, गुंडाळलेला बराच वेळ टिकतो.

कारण असं की लोकर स्वतः उष्णता तयार करत नाही. तिच्या धाग्यांत हवा अडकलेली असते आणि त्या हवेतून उष्णता सहज पलीकडे जात नाही. आपल्याला स्वेटर गरम वाटतो कारण आपल्या अंगाची ऊब तो बाहेर जाऊ देत नाही. बर्फाच्या बाबतीत तोच स्वेटर बाहेरची ऊब आत येऊ देत नाही.

पण कृपा करून हे कारण मुलांना त्याच दिवशी सांगू नका. मोठ्या वर्गातही मी पाहतो, उत्तर मिळालं की मूल बघायचं थांबतं. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी दोन सारखे दगड घ्या, एकाला स्वेटर घाला, एकाला नको. तासाभराने दोन्ही गालाला लावून बघायला सांगा. स्वेटर घातलेला दगड गरम झालेला नसतो. तिथे मुलांचा चेहरा बघण्यासारखा होतो.

बर्फाचंच आणखी एक: पानं, फुलं, छोटी खेळणी पाण्यात ठेवून मोठा गोळा गोठवायचा आणि ‘यातली वस्तू बाहेर काढा’ एवढंच सांगून कोमट पाणी, मीठ, चमचे, ड्रॉपर समोर ठेवायचे. मीठ पडलेल्या जागी बर्फाला खड्डे पडतात, कारण मिठाचं पाणी शून्य अंशाच्याही खाली गेल्यावरच गोठतं. हातावर ओरखडा असलेल्या मुलांना मीठ देऊ नका, झोंबतं.


वहीपाटी

मुलांना मजा येते हे मान्य. पण मी पहिलीला शिकवते आणि दरवर्षी माझ्याकडे अशी मुलं येतात ज्यांना पेन्सिल नीट धरता येत नाही, वीसपर्यंत मोजताना गळतात. डबकी आणि बर्फ करून झाल्यावर अक्षरं-अंक कधी? हे भांडायला विचारत नाहीये, खरंच जाणून घ्यायचंय.


हिरवी_पाटी

वहीपाटी, बरं झालं विचारलंत. हा प्रश्न पालकसभेत दरवेळी येतो.

पेन्सिल धरायला बोटांत ताकद लागते आणि ती पेन्सिल धरून येत नाही. ड्रॉपर दाबणं, ओलं फडकं पिळणं, माती मळणं, चिमट्याने बिया उचलणं, हे सगळं त्याच बोटांचं काम आहे. वर्षाच्या सुरुवातीला ज्यांना ड्रॉपर दाबता येत नव्हता, त्या मुलांच्या रेघा नंतर किती ठाम झाल्या ते माझ्या वहीत तारखांसह आहे.

मोजणीचं म्हणाल तर पावसाच्या पट्ट्या लावताना ‘कालच्यापेक्षा जास्त’, ‘परवाएवढाच’, ‘सगळ्यात कमी’ हे शब्द मुलं रोज वापरतात. बियांची वाटणी करताना सहा मुलांना प्रत्येकी तीन बिया द्यायच्या असल्या की एकेक बी ठेवत जावंच लागतं. एका वस्तूला एकच अंक, ही गोष्ट तिथे पक्की होते. नाहीतर मुलं ‘एक दोन तीन’ गाण्यासारखं म्हणतात आणि बोट भलतीकडेच असतं.

लिहिणंही होतं. कुंडीवर नाव हवं असतं, ‘हात लावू नका’ अशी पाटी हवी असते. ही पाटी आमच्याकडे एका मुलाने ‘हत लउ नक’ अशी लिहिली होती. सगळ्यांना ती वाचता आली आणि कुणीही हात लावला नाही.

पहिलीत त्यांना पुन्हा नीट शिकवावं लागतं, हे तुमचं म्हणणं मात्र खरं आहे. आमचं आणि पहिलीच्या बाईंचं वर्षातून दोनदा तरी बोलणं व्हायला हवं. ते होत नाही.


वहीपाटी

बोटांच्या ताकदीचा मुद्दा पटला. अंकांबद्दल अजून शंका आहे, पण पट्ट्यांचा आलेख मी माझ्याच वर्गात करून बघणार आहे.


दोन_वेण्या

मी शिक्षिका नाही, आई आहे. माझी मुलगी अशाच एका वर्गात जाते. रोज विचारते, ‘‘आज काय केलं?’’ रोज उत्तर, ‘‘काही नाही, खेळलो.’’ दप्तरात कागद नाही, वहीत काही नाही. शेजारच्या मुलाकडे मात्र रोज रंगवलेली वर्कशीट असते. तुम्हा सगळ्यांचं वाचून कळतंय की त्या ‘खेळलो’च्या आत बरंच काही असेल. पण आम्हाला ते दिसत नाही हो. आम्ही काळजीने विचारतो, त्यात बाईंवर अविश्वास नसतो.


हिरवी_पाटी

दोन_वेण्या, तुमचं अगदी बरोबर आहे आणि ही चूक आमच्याकडून होते. कागद दिला नाही तर दुसरं काहीतरी दिलं पाहिजे.

मी दोन वर्षांपासून वर्गाच्या दारावर रोज एकच ओळ लिहिते. ‘आजचा प्रश्न: ताटातलं पाणी कुठे गेलं?’ त्याखाली मुलांची दोन-तीन उत्तरं, त्यांच्याच शब्दांत. न्यायला आलेले पालक ती वाचतात आणि घरी जाताना ‘आज काय केलं’ असं न विचारता ‘ताटातलं पाणी कुठे गेलं गं?’ असं विचारतात. या प्रश्नाला ‘काही नाही’ असं उत्तर देता येत नाही. तुमच्या बाईंना सुचवून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.


झोका

मी विशेष गरजा असलेल्या मुलांबरोबर काम करते. एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे.

माती, चिखल, साबणाचा फेस, रंग या सगळ्यांत प्रत्येक वर्गातलं एखादं तरी मूल मागे सरकतं. काहींना ओला-चिकट स्पर्श खरोखर सहन होत नाही. तो त्यांचा हट्ट नसतो, स्पर्श त्यांच्यापर्यंत फार जोरात पोहोचतो. त्या मुलाचा हात धरून चिखलात घालू नका, कितीही प्रेमाने असलं तरी. त्याला काठी द्या, चमचा द्या, ब्रश द्या. रंग किंवा चिखल झिपच्या पारदर्शक पिशवीत भरून पिशवीवरून दाबायला द्या. जवळ कोरडं फडकं ठेवा आणि ‘हवं तेव्हा हात पुसता येईल’ हे आधीच सांगा. पुसायची सोय आहे हे कळल्यावरच पुष्कळ मुलं बोट लावून बघतात. माझ्याकडच्या एका मुलाने अडीच महिने फक्त बघितलं. अडीच महिन्यांनी त्याने एक बोट ओल्या वाळूत बुडवलं, फडक्याला पुसलं आणि पुन्हा बुडवलं. त्या दिवशी मी वर्गात दुसरं काही केलं नाही, त्याच्याशेजारी बसून राहिले.

आवाजाचंही तसंच आहे. पावसाचा आवाज करायला सगळ्यांनी मिळून पत्र्याचे डबे वाजवायचे ठरवलंत, तर एखाद्या मुलाला दाराबाहेर उभं राहून ऐकायची मुभा ठेवा.


खडूची_भुकटी

सगळे उत्साहात आहेत म्हणून सुरक्षिततेचं मी लिहितो. मी बालवर्गाचं व्यवस्थापन बघतो आणि यातली प्रत्येक गोष्ट गंभीरपणे घ्यायला सांगतो.

पाण्यात फुगणारे रंगीत जेलचे मणी वर्गात आणूच नका. दिसायला सुंदर असतात, पण गिळले गेले तर पोटात फुगतात आणि आतड्याचा मार्ग बंद करू शकतात. फुटलेल्या फुग्याचे तुकडेही तसेच, घशात बसले तर निघत नाहीत. कोरड्या बिया-डाळींच्या कृतीत तीन वर्षांखालची भावंडं जवळ असतील तर कृती पुढे ढकला. मुलं बी नाकात घालतात आणि नाकातल्या ओलाव्याने ते फुगतं. कच्चा राजमा विषारी असतो, त्यामुळे उगवण्याच्या प्रयोगात तो वापरला तर तोंडात जाणार नाही हे बघा.

आवारातली झाडं ओळखून ठेवा. कण्हेर, बिट्टी, धोतरा, एरंडाच्या बिया ही सगळी विषारी आहेत. गुंजेच्या लाल-काळ्या बिया हस्तकलेसाठी फार मोहक वाटतात, पण चावल्या गेल्या तर जिवावर बेततं. त्या डब्यात असतील तर आजच काढा.

वाळूचा हौद रात्री झाकायचा, मांजरं तिथे घाण करतात. पाण्याचा टब रोज रिकामा करून पालथा घालायचा. डासांसाठी तर हवंच, पण थोडक्या पाण्यातही लहान मूल बुडू शकतं, म्हणून टबापाशी मोठं माणूस कायम हवं. मातीनंतर साबणाने हात, वीस सेकंद.


नवखी_ताई

खडूची_भुकटी दादा, धन्यवाद. गुंजा होत्या. कपाटात, मणी ओवायच्या डब्यात. काढल्या.


भिंग

उन्हाळ्यासाठी कुणीच लिहिलेलं नाही, म्हणून पुन्हा येतो. तो ऋतू बियांचा समजा. वाळलेलं गवत वाढलेलं असेल त्या काळात मुलांना बुटांवरून जुने लोकरी मोजे चढवा, मोठ्यांचे असले तर उत्तमच, आणि गवतातून दहा मिनिटं चालवून आणा. परत आल्यावर मोज्यांवर काय काय चिकटलंय ते भिंगातून बघा. काही बियांना आकडे असतात, काहींना केस. जनावराच्या अंगाला चिकटून बी दूर जातं हे तिथे सांगावं लागत नाही, मूल स्वतःच त्या जनावराच्या जागी असतं. मग तो मोजा तसाच थाळीतल्या मातीवर आडवा ठेवून त्यावर रोज पाणी शिंपडा. काही दिवसांनी मोज्याला गवत उगवतं.

बी काचेच्या पेल्यातही लावा. पेल्याच्या आत टिपकागदाची गुंडाळी, तळाशी थोडं पाणी, आणि रात्रभर भिजवलेलं घेवड्याचं बी काच आणि कागद यांच्यामध्ये, म्हणजे बाहेरून दिसतं. एक सरळ, एक आडवं, एक उलटं लावा. मूळ आधी येतं आणि बी कसंही ठेवलं तरी ते खालीच वळतं. मूळ बोटभर झालं की अख्खा पेला आडवा करून ठेवा. एक-दोन दिवसांत मूळ काटकोनात वळलेलं दिसेल.


निवांत_आजी

भिंगदादा, यात एक भर घालते. चार-पाच बिया कुजतात. पूर्वी मी मुलं यायच्या आधी गुपचूप त्या बदलून टाकायची. नंतर तसं करणं थांबवलं. ज्याचं बी कुजलं त्याच्याबरोबर बसायचं, वास घ्यायचा, ‘‘याला पाणी जास्त झालं का रे?’’ असं बोलायचं आणि त्याला दुसरं बी द्यायचं. दुसऱ्या बियाची जितकी काळजी मुलं घेतात तितकी पहिल्याची घेत नाहीत.

बागेवरून आठवलं. १८४० साली फ्रीडरिश फ्रोबेलने जर्मनीत या शाळांना ‘किंडरगार्टन’ म्हणजे मुलांची बाग हे नाव दिलं, आणि त्याच्या मुलांना खरोखरच मातीत छोटे छोटे वाफे दिलेले असत. प्रत्येकाचा आपला वाफा, भोवती सगळ्यांचा मिळून मोठा. ही मांडणी मी कुंड्यांत केली होती, प्रत्येकाची एक छोटी कुंडी आणि मधे सगळ्यांची एक मोठी. आपल्या कुंडीला पाणी घालायला कुणी विसरत नसे. मोठी कुंडी मात्र पहिले दोन आठवडे तहानलेली राहायची. मग मुलांनीच पाळ्या लावल्या.

अळीपासून फुलपाखरू हाही फार चांगला विषय, पण ज्या झाडावर अळी सापडली त्याच झाडाची ताजी पानं रोज मिळणार असतील तरच. दुसरी पानं ती खाणार नाही. फुलपाखरू बाहेर पडल्यावर काही जाती लालसर थेंब टाकतात. मुलांना ते रक्त वाटतं, रडू येतं. म्हणून आधीच सांगून ठेवावं की कोशात असताना साठलेला मळ आहे, त्याला काही लागलेलं नाही. पंख वाळले की त्याच दिवशी सोडून द्यायचं. निरोप द्यायला सगळा वर्ग बाहेर.


दोन_वेण्या

हिरवी_पाटीताई, दाराची ओळ सुरू झाली! बाईंना विचारलं, त्या लगेच हो म्हणाल्या. परवाचा प्रश्न होता, ‘पानांचे गट कसे केले?’ मला वाटलं लहान-मोठी किंवा हिरवी-पिवळी. मुलगी म्हणाली, ‘‘आवाज करणारी आणि गप्प बसणारी.’’ वाळलेली आणि ताजी, पण हातात चुरगाळून केलेले गट. काल घरी न्हाणीघराच्या ओल्या फरशीभोवती खडूच्या रेघा होत्या. पुसल्या नाहीत.


नवखी_ताई

माझाही अनुभव. कोपरे सुरू करून चौथा आठवडा. पहिले दोन आठवडे रोज रडू यायचं. आता चार कोपरे चालतात, अर्धा तास तरी. या महिन्याची थीम ‘आमचे मदतनीस’, मुलांना टोप्या करून द्यायच्या होत्या. त्याऐवजी एका कोपऱ्यात दवाखाना मांडला: चादर, रिकाम्या खोक्यांची औषधं, पाटी-पेन्सिल. डॉक्टर होण्यापेक्षा नाव लिहून घेणारं माणूस व्हायलाच जास्त भांडणं! ज्या मुलीने आजवर वर्गात तोंड उघडलं नव्हतं ती खुर्चीवर बसून प्रत्येकाला विचारत होती, ‘‘काय दुखतंय? कधीपासून?’’ तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. फळ्यावर लावायला हस्तकला नाही, पण तिने लिहिलेली रेघोट्यांची यादी आहे. तीच लावली. अजून कुणी काही म्हटलेलं नाही.


हिरवी_पाटी

सगळ्यांचे मनापासून आभार. स्वेटर आणि बर्फ आज केलं, ते सांगायला आले आहे.

सव्वीसपैकी तेवीस जण म्हणाले, स्वेटरमधला आधी वितळेल. एकजण म्हणाला दोन्ही एकदम, दोघं काहीच बोलले नाहीत. हात वर करून अंदाज सांगण्याऐवजी प्रत्येकाने आपला ठोकळा त्या त्या बशीपुढे रचला, त्यामुळे एका बाजूला मनोराच झाला. मग सगळे आपापल्या कोपऱ्यात गेले आणि दर पाच मिनिटांनी कुणीतरी येऊन बघून जात होतं. उघडा खडा संपला तेव्हा सगळा वर्ग बशीभोवती जमला. मी बाही उलगडली. आत बर्फ होता, जवळजवळ निम्मा.

कुणी ओरडलं नाही. बराच वेळ शांतता होती. एक मुलगा म्हणाला, ‘‘तुम्ही दुसरा टाकलात.’’ त्याला मी म्हणाले, उद्या तू स्वतः गुंडाळ आणि बाही तुझ्याजवळच ठेव. तो तयार झाला. दुसरी म्हणाली, ‘‘हा स्वेटर खराब आहे, गरम नाही.’’ तिने स्वतःचा काढून दिला. उद्या तोही बघायचाय.

मी कारण सांगितलं नाही. भिंगदादा, तुमचं वाक्य मनात होतं. पण राहवत नव्हतं हेही खरं.

घरी जायच्या वेळी ओठांवर बोट ठेवून गप्प बसणारी एक मुलगी, दोन न बोललेल्यांपैकी एक, दाराशी थांबली. स्वतःच्या स्वेटरची बाही ओढत तिने विचारलं, ‘‘बाई, पण माझ्या स्वेटरला कसं कळतं, आत मी आहे की बर्फ?’’

तोच प्रश्न दारावर लिहिला आहे. खालची जागा मोकळी ठेवली आहे.